कुंडलच्या बाजाराची परवानगी

"परवानगी? मॅडम, अर्धा बाजार माझा मामा, उरलेला चुलता! चहा गार व्हायच्या आत सगळ्यांची घेतो बघा!"

ही फुशारकी मारताना वीरधवलची कॉलर दोन बोटं वर गेली होती. गडी लग्नांचं शूटिंग करायचा. हळदीत नाचणाऱ्या करवल्या आणि स्टेजवर घाम पुसणारे नवरदेव टिपून टिपून त्याचा जीव विटला होता. आणि आता सांगलीची एक माहितीपट काढणारी कंपनी म्हणत होती, कुंडलच्या बाजाराची छोटीशी फिल्म संध्याकाळपर्यंत पाठवा, आवडली तर कायमची नोकरी! कंपनीच्या नीलिमा मॅडमनी बजावलं होतं, "लोक अगदी नैसर्गिक दिसू देत. आणि ज्याचा चेहरा दिसेल त्याची परवानगी हवीच. आमचे वकील फार कडक आहेत."

बाजारात पहिली भेटली वांगी विकणारी रंगुबाई.

"आत्ती, वांगी इकताना तुमचं शूटिंग काढू का?"

"काढ की! पर ह्या लुगड्यात? सांगलीची माणसं बघणार, आन् मी ही अशी? बस हितं, आलेच!"

वीरधवलला वांग्यांपुढं बसवून बाई घरी पळाली. शेजारी पिशवी घेऊन कांदे निवडणाऱ्या आप्पासोला विचारलं, तर तो दाढी करायला गेला. इथवर ठीक होतं हो! पण तेवढ्यात आप्पासोचा चुलतभाऊ तात्याबा काठी आपटत आला.

"वीरू, आप्पासोला इचारलंस म्हणं?"

"व्हय तात्या, आता तुमच्याकडंच येत हुतो."

"आता? भावकीत थोरलं घर आमचं, आन् आवतण आदी धाकट्याला?"

"आवं तात्या, आवतण न्हाई, परवानगी हाय! कायद्याची!"

"मग कायद्यात मान नसतोय व्हय रं?"

शेवटी तात्याबाच्या हातात नारळ ठेवला, तेव्हा कुठं त्याची मान हलली. नारळाची बातमी भज्यांच्या वासासारखी बाजारभर पसरली. "आमाला का न्हाई इचारलं? आमचं त्वांड वंगाळ हाय व्हय?" म्हणत माणसं अंगावर यायला लागली. वीरधवलनं हात जोडून एकेकाला विचारलं. आणि ज्यानं ज्यानं परवानगी दिली, तो तो कपडे बदलायला घरी गेला! दुपारी भर बाजारात उरलं एक कुत्रं आणि वांगी राखणारा वीरधवल.

मग परत आले सगळे. पण काय ते रूप! पैठण्या, नथी, कोल्हापुरी फेटे! आप्पासोनं पोराच्या लग्नातला कोट चढवला होता. "कोटावर पिशवी शोभत न्हाई," म्हणून तो कांद्याला हात लावेना. रंगुबाईनं पदर मळू नये म्हणून वांग्यांवर चादर टाकली. शेळीवाल्यानं तर शेळीला चक्क मुंडावळ्या बांधल्या! तात्याबा नारळ घेऊन मधल्या खुर्चीवर बसला आणि बाकीचे त्याच्या दोन्ही अंगांनी ओळीत उभे राहिले.

"आवं, कॅमेऱ्यात बघू नका!" वीरधवल ओरडला.

सगळ्या बाजारानं एकदम पाठ फिरवली.

"पाठ दावायला नथ घातली व्हय रं मी?" रंगुबाई कडाडली.

"बरं, फिरा हिकडं! जरा हालचाल करा गड्यांनो!"

हालचाल म्हटल्यावर कुणीतरी हलगी काढली आणि दाढी केलेला आप्पासो कोटासकट नाचायला लागला. त्याच्यामागं अख्खा बाजार! वीरधवलला रडूच फुटायचं राहिलं. सूर्य मावळतीला लागला होता. जे दिसलं ते त्यानं काढलं, देवाचं नाव घेऊन पाठवलं, आणि फोन हातात धरून बसला.

फोन आला.

"सगळ्यांची परवानगी आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"एक बी चेहरा सोडला न्हाई, मॅडम! शेळीच्या मालकाची बी घेतली!"

"शाब्बास! पण हो, बाजार कुठं दिसतच नाही यात. नोकरीचं काही जमणार नाही."

वीरधवल मटकन चादरीवरच बसला. खालची वांगी गेली!

"लग्न मात्र काय झकास काढलंय तुम्ही! माझ्या भाचीचं मे महिन्यात आहे. याल का शूटिंगला?"

"येतो," वीरधवल रडवेल्या आवाजात म्हणाला. "पर मॅडम, पावण्यांची परवानगी?"

"छे हो! लग्नात कोण परवानगी विचारतं?"