घड्याळजींची मुलाखत

नातीच्या शाळाप्रवेशाची चाचणी जवळ आली, तसं घड्याळजींनी लेकीला जाहीर करून टाकलं, "तिची तयारी मी करून घेणार. तुला त्या शाळेत कुणी घातलं? मीच ना!" एवढं बोलून ते जुन्या दिवसांत असे शिरले, की समोरचा चहा निवून गेला.

लेक तेव्हा दहा वर्षांची. तिची शाळा चौथीपर्यंतच होती, आणि पुढे तिला एकच शाळा हवी होती. कुंपणातून जिच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या दिसायच्या, ती. जागा थोड्या, मुलं ढीगभर. आधी तर्कबुद्धीची लेखी चाचणी, मग पालकांसमोर मुलाखत. घड्याळजींनी मार्गदर्शिका आणली, उघडली, तर पहिलंच गणित घड्याळाचं! 'एक घड्याळ तासाला पाच मिनिटं मागे पडतं. दुपारी बाराला ते बरोबर लावलं, तर संध्याकाळी सहाला त्यात किती वाजले असतील?'

"हात्तिच्या!" घड्याळजी म्हणाले. "तेल सुकलंय. उघडून साफ करावं लागेल. लिही."

लेकीने लिहिलं. (तिचं अक्षर फार सुरेख. त्या अक्षरात बापाचं उत्तर आणखीच खुळं दिसलं.)

"अहो, ते गणित आहे, गिऱ्हाईक नाही!" कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली आणि तिने पुस्तकच ओढून घेतलं. घड्याळजींकडे उरलं पेन्सिलींना टोक काढणं. पण काय दिवस होते ते! लेकीचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, खुर्चीखाली नुसते हलत राहायचे. त्या संध्याकाळी आठवल्या की त्यांना अजून गलबलून येतं.

लेखी पार पडली. मुलाखतीच्या दिवशी नेमका बायकोला ताप भरला, म्हणून (नाइलाजाने) घड्याळजींना पाठवलं. "विचारलं तरच बोला, आणि हात खिशात ठेवा," बायकोने अंथरुणातून बजावलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी लेकीला तेच गणित घातलं. "साडेपाच," लेक म्हणाली. घड्याळजींची छाती फुगली. त्याच वेळी त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथलं लंबकाचं घड्याळ चक्क लंगडत होतं. टिक... टकटिक... टक. पाच मिनिटं त्यांनी कळ काढली. सहाव्या मिनिटाला ते खुर्चीवर चढले.

"अहो, हे काय करताय?" बाई ओरडल्या.

"दोन मिनिटं, बाई. नुसतं बघतो." (घड्याळजींची दोन मिनिटं किती लांब असतात, ते गिऱ्हाइकांना विचारा.)

अर्ध्या तासात ते घड्याळ प्रवेशअर्जांवर सुटं होऊन पसरलं होतं. तास संपल्याची घंटा द्यायची म्हणून शिपाई तीनदा वेळ बघायला आला आणि तीनदा रिकामी भिंत बघून परत गेला. सातवीचा भूगोल संपता संपेना. तेवढ्यात एक स्क्रू घरंगळला. घड्याळजी टेबलाखाली शिरले, तर समोर लेकीचे बूट. दोन्ही पाय एकमेकांना घट्ट चिकटलेले, जराही न हलणारे. तेव्हा कुठे ते भानावर आले. आपल्या हातांनी पोरीचं वाटोळं केलं, असं वाटून त्यांना टेबलाखालून बाहेरच येववेना.

आणि आठ दिवसांनी यादीत लेकीचं नाव!

"म्हणून सांगतो," गार चहा एका घोटात संपवत घड्याळजी म्हणाले, "या मुलाखतीलाही मी येणारच. बाईंना कामाची पारख होती. घड्याळ दुरुस्त करून दिलं, म्हणून तुला घेतलं त्यांनी."

लेक हसता हसता डोळे पुसायला लागली. "बाबा, ते घड्याळ नंतर कधी चाललंच नाही हो. शिपाई पुढे मनगटावरचं बघून घंटा द्यायचा."

"काय सांगतेस! मग प्रवेश कसा मिळाला?"

"तुम्ही टेबलाखाली होतात ना, तेव्हा बाईंनी हळूच शेवटचा प्रश्न विचारला. 'या खोलीत जे असायला नको, ते दाखव.' मी टेबलाखाली बोट दाखवलं. बाईंनी तिथल्या तिथे सही केली."