सहा पोती मीठ

"यंत्र बिघडेल, माझी जीभ बिघडायची नाही!"

हे वाक्य जीभरावांनी वीजकेंद्रात इतक्या वेळा ऐकवलं होतं, की फाटकावरचा पहारेकरीसुद्धा ते पाठ म्हणून दाखवायचा. जीभराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते चाचणी विभागातले इंजिनिअर. गेल्या वर्षी खारेपणा मोजायचं यंत्र बंद पडलं, तेव्हा त्यांनी टाकीत बोट बुडवून चाटलं आणि "लिटरला तीस ग्रॅम!" असं ठोकून दिलं. नवं यंत्र आल्यावर ते नेमकं बरोबर निघालं. तेव्हापासून हे नाव पडलं, आणि डोक्यात हवा गेली ती वेगळीच.

आज त्यांची परीक्षा होती. कोळशाची भुकटी पाण्यात कालवायची, ती स्लरी पाइपातून थेट भट्टीपर्यंत न्यायची, आणि त्यासाठी पिण्याचं पाणी न नासवता खारं पाणी वापरायचं, अशी योजना होती. शेडभर फिरून परत टाकीत येणाऱ्या पाइपातून स्लरी तासभर न अडकता फिरली, की जीभराव चाचणीप्रमुख होणार होते! बघायला मोठे साहेब जातीने यायचे होते.

त्या घाईत जीभरावांनी सकाळी उकळता चहा एका घोटात घशाखाली लोटला. डोळ्यांत पाणीच आलं. मग पोळी-भाजीचा घास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"अगं, भाजीत मीठ कुठाय?"

"अहो, चांगलं दीड चमचा घातलंय. जीभ भाजलीय तुमची."

"माझी? काहीतरीच!" असं म्हणून ते तणतणत निघाले.

शेडमध्ये केमिस्टबाई यंत्र घेऊन उभ्या होत्या. "सर, पाणी तयार आहे. लिटरला बरोबर पस्तीस ग्रॅम."

जीभरावांनी टाकीत बोट बुडवलं. चाटलं. परत चाटलं. "हे पस्तीस? हे तर विहिरीचं गोडं पाणी आहे! टाका दोन पोती."

"सर, यंत्र पस्तीसच दाखवतंय!"

"हातच्या काकणाला आरसा कशाला, बाई?"

पंपवाल्याने दोन पोती ओतली. यंत्र पंचावन्नावर गेलं. जीभराव चाटून म्हणाले, "मिठात दमच नाही! भांडारवाल्याने जुना माल गळ्यात मारलाय. अजून चार टाका!"

"साहेब, चार?" पंपवाल्याने विचारलं.

"मोज की! येतात ना आकडे?"

चार पोती गेली. यंत्र पंचाण्णव म्हणालं. केमिस्टबाईंनी कपाळाला हात लावला आणि आकडा वहीत मुकाट्याने लिहून ठेवला.

मोठे साहेब आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. पाइपाला मध्ये एक काचेचा तुकडा बसवला होता, तिथेच ते जाऊन उभे राहिले. पंप सुरू झाला. काळीभोर स्लरी सळसळत निघाली. जीभरावांनी छाती पुढे काढली.

पाच मिनिटांत काचेतली स्लरी गुठळ्या धरू लागली.

"हे असं होतं का?" साहेबांनी विचारलं.

"सुरुवातीला होतं, साहेब!" जीभराव म्हणाले, आणि पंपवाल्याच्या कानात कुजबुजले, "कोळसा जास्त झालाय. पाणी सोड!"

पाणी होतं ते त्याच टाकीतलं. पंपवाल्याने तेच सोडलं. आता गुठळ्यांचे गोळे झाले आणि वळणावर कोळसा बसला. दाबाचा काटा चढू लागला, पंप कण्हायला लागला.

"सर, पंप बंद करा!" केमिस्टबाई ओरडल्या.

"बंद केला तर सगळा कोळसा खाली बसेल! अजून पाणी!"

तेवढ्यात साहेबांच्या समोरच्या जोडावरचं रबर फट्कन उडालं. काळी चिळकांडी सुटली. पंपवाल्याने धावत जाऊन पंप बंद केला, पण तोवर साहेबांचा शर्टच काय, मिश्यासुद्धा काळ्या झाल्या होत्या. त्या आधी पांढऱ्या होत्या.

साहेबांनी ओठ पुसले, आणि तोंड एकदम वाकडं केलं. "थू! अहो, यात मिठाचं पोतं ओतलंय की काय?"

"सहा, साहेब," पंपवाला इमानदारीत म्हणाला. "आधीचं सोडून."

जीभरावांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. साहेबांनी केमिस्टबाईंची वही मागून घेतली. पाचेक मिनिटं वाचली. मीठ किती झालं की स्लरी अडकते, ते आधीच्या छोट्या चाचण्यांवरून तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. उद्या पस्तीसच्या पाण्याने चाचणी परत होईल, असं त्यांनी सांगितलं. ती केमिस्टबाई घेतील. चाचणीप्रमुख म्हणून.

संध्याकाळी जीभराव ताटावर बसले. हात दाखवून अवलक्षण करून आले होते, आता घरात तरी शोभा नको! पहिला घास घेतला. अळणी लागला. जीभ अजून मेलेलीच आहे, हे त्यांनी ओळखलं आणि हसून म्हणाले, "वा! मीठ कसं अगदी बेताचं!"

बायकोने मिठाची बरणी पुढे सरकवली. "आज घालायलाच विसरले, हो. तुमची जीभ बरी झाली असेल तर सांगाल, म्हणून वाट बघत होते."

जीभरावांनी चिमूटभर मीठ घेतलं आणि खाली मान घालून जेवू लागले. आख्ख्या दिवसात जीभ एकदाच खरं बोलली होती, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी तिचं ऐकलं नव्हतं!