बिस्किटचं बिट

"हे तिसरं बिट." श्रीरंगने जेवणाच्या टेबलावर लगामाचा तोंडातला लोखंडी भाग खणकन ठेवला. "आता बघतोच कशी थांबत नाही!"

दीपाने आधी आमटीचं पातेलं बाजूला घेतलं. घोडीच्या तोंडात जायची वस्तू आमटीशेजारी नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण ते इतक्या हळू आवाजात आलं की पातेल्यालाच ऐकू गेलं.

शुगर लँड या अमेरिकन गावातल्या बाकीच्या मराठी घरांतल्या मुली भरतनाट्यम शिकत होत्या. यांच्या अनिकाने घोड्यावरून खेळायचा पोलो निवडला. तिची घोडी, बिस्किट, स्वभावाने गरीब. पण महिनाभर तिला एक खोड लागली होती. ऐन खेळात चेंडू सोडून ती डाव्या गोलमागच्या कुंपणाकडे सुसाट सुटायची. शनिवारच्या मॅचआधी हे थांबलं नाही तर अनिका बाकावर, असं कोचने सांगून टाकलं होतं.

श्रीरंग तेलकंपनीत इंजिनिअर. त्याने बिटांचा एक्सेल तक्ता करून छापून घेतला होता. आधी साधं बिट, मग लांब दांड्यांचं, आणि आता हे हनुवटीखाली साखळी असलेलं.

"अहो, तिचं तोंड दुखेल हो."

"बाबा, आई हॅज अ पॉइंट."

"पॉइंट सगळे तक्त्यात आहेत."

दीपाचं एक व्रत होतं. मुक्या जिवाच्या मुखी काही घातल्याशिवाय ती स्वतः घास घेत नसे. एरवी अंगणातल्या पाखरांवर भागायचं, पण सरावाच्या दिवशी मान बिस्किटचा. डाव्या गोलमागे झाडाखाली खुर्ची टाकायची, कुंपणावरून तिला गुळाचा खडा द्यायचा आणि गुळाचा डबा मांडीवर घेऊन बसायचं. पुढे घोडी अंगावर धावून आली की दीपा डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणे. त्यामुळे पुढचं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

शुक्रवारी झाडाखाली ऊन आलं म्हणून दीपाने खुर्ची उचलून उजव्या गोलमागे नेली. सराव सुरू झाला. बिस्किटने मान वर करून हुंगलं आणि साखळीबिखळी न जुमानता ती उजवीकडे सुटली.

"आता उलटी पळायला लागली!" श्रीरंग तक्त्यात नवा रकाना शोधू लागला.

या वेळी दीपा डोळे मिटायला विसरली. घोडी थेट समोर येऊन थांबली आणि तिने डब्याच्या झाकणावर नाक ठेवलं.

परतताना गाडीत दीपाने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझा एवढा तक्ता..." श्रीरंग हायवेवरचा एक्झिट चुकला.

"मी उद्या येतच नाही. पाखरांना घालीन."

"नो, आई! तू समोरच्या टीमच्या गोलमागे बस. बिस्किट तिकडेच पळेल!" अनिका थबकली. "पण प्रत्येक गोलनंतर बाजू बदलतात."

"मग मीही बदलीन," दीपा म्हणाली. "पण ती साखळी काढायची. आणि पहिलं, साधं बिट घालायचं." आज तिचा आवाज पुढच्या सीटपर्यंत पोचला.

"अगं, तीनशे यार्डांचं मैदान आहे!"

"तुमच्या तक्त्यात बसतंय का बघा."

शनिवारी अनिकाची टीम पाच-तीनने जिंकली. गोल आठ झाले. शेवटचा गोल शिटीच्या तोंडावर झाला, म्हणून दीपाच्या फेऱ्या सातच झाल्या. सलवार-कमीज, स्पोर्ट्स शूज, एका हातात डबा, एका हातात खुर्ची. तिसऱ्या फेरीला तिने खुर्ची सोडून दिली. पाचव्या फेरीला समोरच्या टीमच्या एका आईने तिला पाण्याची बाटली देऊन पाठीवर थाप मारली.

मॅच संपल्यावर कोचने बिस्किटचा लगाम हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "इतकं साधं बिट? कसं जमवलंत?"

"फॅमिली थिंग," म्हणत श्रीरंगने तक्त्याची घडी खिशात कोंबली.

दीपा गवतावर बसली होती. पाय उचलत नव्हते आणि गाडी पार्किंगच्या त्या टोकाला. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"ऊठ गं, घरी जाऊ." श्रीरंगने हात धरून ओढलं, पण ती ढिम्म हलेना.

"बाबा, पुल नका करू तिला," अनिका म्हणाली. डब्यात एकच खडा उरला होता. तो तळहातावर ठेवून ती आईसमोर दोन पावलं मागे सरली आणि घोडीला बोलावतात तसं तिने जिभेने टकटक केलं.

दीपा निमूट उठली आणि चालू लागली.