पार्शाच्या पथकाने पाच गडी कैसे पुरे केले

श्री भगवती प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मौजे पार्से, महाल पेडणे, येथील धावक पथकावर जो बिकट प्रसंग गुजरला आणि तो ज्या हिकमतीने निभावला, त्याचे खरे वर्तमान लोकांस ठाऊक नाही. कोणी म्हणतो पंच फितूर जाहले, कोणी म्हणतो देवीने उजवा कौल दिला, ऐशा नाना अफवा चोपड्याच्या पुलापासून इब्रामपूरच्या सरहद्दीपावेतो फैलावल्या. सबब जे घडले ते पदरचे काही न घालता लिहिले आहे. वाचणारास हसू आल्यास रुमाल तोंडास लावावा, कारण या मसलतीत ज्यांचे गुडघे कामास आले ते अद्याप हयात आहेत.

मूळ वर्तमान ऐसे की, पार्शास परबांचे घरी समीक्षा म्हणोन कन्या. पाय हरणाचे, बोलणे थोडके. कॉलेजात होती तोवर तिजला मैदान होते, बूट होते, शर्यतीस न्यावयास बस होती आणि पाठीवर कॉलेजचे नाव होते. मग बी.कॉम. जाहली, आणि पदवी हाती देतेवेळी कॉलेजने शर्यतीचा शर्ट परत मागोन घेतला. लांब पल्ल्याचे धावणारास हेच वय अंगात खरे बळ भरण्याचे, आणि दुनियेचा रिवाज ऐसा की नेमके तेव्हाच डोईवरचे छत्र काढोन घ्यावे. मुलगी मग एकटीच सडकेने धावू लागली आणि कुत्री मागे लागू लागली. घरी मामांचा निरोपावर निरोप, की डिचोलीस औषधांचे कारखान्यात जागा आहे, पाळीपाळीचे काम आहे, रुजू व्हावे. एकदा पाळ्या लागल्या म्हणजे पहाटही गेली आणि सांजही गेली, हे ती जाणोन होती, म्हणोन आज सांगते, उद्या सांगते करीत दिवस ढकलीत होती.

ऐशात एके दिवशी जयराम शेट, काजूचे कारखानदार, मातबर असामी, देह विशाल आणि आवाज त्याहून विशाल, यांची गाडी म्हशींचे कळपामागे अडकली, आणि डावे अंगाने एक मुलगी वाऱ्यासारखी निघोन गेली. शेटांनी काच खाली करोन पुसिले, ही कोणाची कोण. हकीकत कळताच सुदेश मास्तरांस पाचारण जाहले. मास्तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त जाहलेले, विद्या अफाट, सर्व मोबाइलवरून संपादन केलेली. त्यांणी पडद्यावर दाखविले की, विलायतेत कॉलेज सुटलेल्या धावकांची नामांकित पथके असतात. त्यांस प्रशिक्षक असतो, वैद्य असतो, आचारी असतो, आणि धावकांनी दिवसभर केवळ धावावे, खावे आणि निजावे. शेट बहुत संतोषले आणि बोलिले की, या तिहींपैकी दोहोंत आपण वाकबगार आहोच, तिसरे लोकांकडून करवून घेऊ.

येणेप्रमाणे पथक उभे राहिले. आरंभी धावणारे तिघे होते. एक मुलगा बोटीवर नोकरीस गेला, गौरवी म्हणोन दुसरी मुलगी सत्तरी महालातील शाळेत शिक्षिका जाहली, आणि समीक्षा एकली उरली. परंतु पथक मात्र वाढतच गेले. मुदपाकखाना गंगाकाकींकडे, ज्या समीक्षेच्या सख्ख्या काकी आणि पेजेच्या हातगुणाविषयी महशूर. वैद्यखाना इब्रामपूरच्या बाबलीकडे, ज्याने जन्मभर बैलांचे पाय चोळिले आणि पायास पाय म्हणतो, दोन की चार हे पाहत नाही. शिट्टीचा कारखाना निराळा, छत्रीचा निराळा, टेम्पोचा निराळा, फोटोचा निराळा. ऐसे करता करता पथकात असामी सतरा जाहल्या, पैकी धावणारी एक. पहाटे ती सडकेस लागली म्हणजे पुढे शिट्टी, मागे टेम्पो, टेम्पोत पेजेचे भांडे आणि भांड्यामागे बाबली तेलाची बाटली घेवोन ऐसी स्वारी चाले. मुलीने पाण्याचा घोट मागावा तो सहा हात पुढे यावे आणि तांब्या एकातही नसावा. समीक्षा मनातल्या मनात बेजार होई. परंतु इतकी माणसे आपल्याकरिता काळोखात उठतात हे पाहोन तोंडातून शब्द काढीत नसे.

मग क्रीडामंडळाचा हुकूम आला तो वीज पडावी तैसा पडला. हुकूम ऐसा की, राज्याचे निवडीत धावणारा कोणत्यातरी नोंदलेल्या पथकाचा असावा. आणि पथक नोंदणे असेल तर त्याचे पाच गडी पार्शाचे शर्यतीत, देवळापासून चोपड्याचे पुलापर्यंत आणि परतोन देवळापर्यंत, मंडळाचा भोंगा वाजण्यापूर्वी स्वतःच्या पायांनी पोहोचावे. शर्यत मार्गशीर्ष वद्य सप्तमी, रविवार. मामांनीही सोमवारची मुदत घातली होती, की त्या दिवशी डिचोलीस रुजू व्हावे अन्यथा जागा दुसऱ्यास जाईल. हे मुलीने कोणास सांगितले नाही.

काजूचे कारखान्यात दरबार भरला. शेटांनी पुसिले, पाच गडी कोण. तो एकास गुडघेदुखी आठवली, एकाचे सासरे अत्यवस्थ जाहले, एकास बोलावणे आले म्हणोन तो मोबाइल कानास लावोन बाहेर गेला, आणि तो मोबाइल वाजलाच नव्हता. छत्रीचे कारखानदार छत्री तेथेच टाकोन पळाले. अखेर दरबारात सुदेश मास्तर उरले, कारण पळोन जाण्याने विद्येस बट्टा लागता. बाबली उरला, कारण पाच जण जेवणास पाहिजेत ऐसे त्याने ऐकिले. आणि गंगाकाकी उठोन उभ्या राहिल्या.

"मी धावतंय," काकी म्हणाल्या. "रोज पेज करून हिका घालतंय, तेचा धावना तरी कसला असता ता बघूंदी."

चौघे जाहले. मग सर्वांची दृष्टी हळूहळू शेटांकडे वळली, आणि शेटांनी मागे वळोन पाहिले तो मागे भिंत होती.

त्या दिवसापासून दरोबस्त कारभार उलटला. जिची चाकरी सोळा माणसे करीत, ती आता चौघांची चाकरी करू लागली. पहाटे घरोघर जावोन उठवावे, बुटांचे बंद बांधावे, आणि दटावावेही. समीक्षेस दटावण्याची सवय नव्हती. पहिले दिवशी आवाज फुटेना, आठवड्याने फुटला तो शेजारच्या वाड्यावर ऐकू गेला. मास्तर पहिले दिवशी पिंपळापर्यंत धावले आणि श्वास कैसा घ्यावा यावर व्याख्यान देऊ लागले, परंतु श्वासच नसल्याने व्याख्यान अर्धेच राहिले. बाबलीचा प्रकार ऐसा की, तो जन्मभर बैलामागे धावलेला, हाती दावे असल्यावाचून त्याचे पाय उचलेनात. मुलीने बहुत विचार करोन त्याच्या हाती नुसतेच दावे दिले, आणि तो सुसाट सुटला. काकींची चाल वाऱ्याची, परंतु वाटेत जो भेटेल त्याची ख्यालीखुशाली पुसल्यावाचून पाऊल पुढे पडेना, आणि चोपडे तर त्यांचे माहेर. तेव्हा मुलीने मसलत करोन माहेरी आगाऊ निरोप धाडिला की, काकींचे त्या दिवशी मौनव्रत आहे, कोणी हाक मारू नये, मारल्यास पाप लागेल. खासे शेट मात्र रोज थोडके चालत, बहुत घामाघूम होत, आणि पुसत की हाच रस्ता गाडीतून इतका आखूड कैसा वाटतो.

मग रविवार उगवला. देवळापुढे तीनशे लोक जमा जाहले, नारळ फुटला, आणि फौजा उतारास लागल्या. समीक्षा निघाली ती माडांचे सावलीतून, शेतांचे कडेने, पुढे शापोरा नदीचा वारा तोंडावर घेत पुलाचे पायथ्यास वळसा घालोन परतली, आणि परततेवेळी एकेकास समोरून पाहत आली. काकी डोईवर पदर, पायी बूट, तोंड गच्च मिटलेले, माहेरच्या माणसांमधून डोळ्यांनी रडत आणि पायांनी धावत होत्या, आणि माहेरचे लोक दोन्ही बाजूंस हात जोडून उभे होते. मास्तर मुकाट होते, हेच त्यांचे क्षेम. बाबली दावे ताणोन येत होता. मासे विकणाऱ्या बायांनी पुसिले की बैल कोठे, तर त्याने धावता धावता पुढे बोट दाखविले, आणि बाया खरोखर पुढे पाहू लागल्या. शेट मात्र कोठे दिसले नाहीत. उतार संपतो तेथे सर्वांमागे एक छत्रीएवढी सावली हालताना दिसली, तेच शेट.

समीक्षा बायकांत पहिली आली. लोकांनी टाळ्या पिटल्या, गळ्यात पदक पडले. परंतु तिचे चित्त ठिकाणी नव्हते. पहिली येवोनही उद्या डिचोलीची बस पकडणे आहे की नाही, हे अद्याप मागे सडकेवर चालत होते. काकी आल्या आणि मौन सुटताच एका दमात साऱ्यांची विचारपूस करू लागल्या. मास्तर आले आणि आडवे जाहले. बाबली आला आणि दावे देवळापुढील खांबास बांधोन मगच बसला. चार जाहले. पंचांनी भोंगा हाती घेवोन पुसला.

मग मुलगी पदकासह माघारी फिरली आणि चढ उतरोन गेली. चढाचे मध्यावर मैलाचे दगडावर, पुलास वळसा घालोन आलेले जयराम शेट बसले होते, मुख जांभळे, एक बूट काढलेला. नियम ऐसा की कोणी हात लावू नये, सबब ती दोन हात दूर उभी राहिली. शेट खुणेने आणि तुटक्या शब्दांनी म्हणाले की, पथक मोडले तरी चिंता नाही, पुढील साली नवे करू, मोठे करू, त्यात वीस माणसे घेऊ. मुलीने आजवर शेटांपुढे मान वर केली नव्हती. ती आता केली.

"शेटानू, उठलात नाय तर माका फाल्यां डिचोलेच्या कारखान्यात कामाक जावचा लागतला."

शेटांनी डोळे उघडिले. "खंयच्या कारखान्यात?"

"औषदांच्या."

हे ऐकताच जो प्रकार जाहला तो पाहणारास खरा वाटेना. कारण औषधांचे त्याच कारखान्याने मागील साली शेटांच्या काजू फोडणाऱ्या निम्म्या बाया फितवून नेल्या होत्या, आणि तो घाव शेटांचे उरी ओला होता. आता धावणारीही नेणार? शेट उठले. बूट हाती घेतला, पायी घालण्यास अवकाश नव्हता. एक पायी बूट, एक पायी मोजा, ऐसे ते चढास भिडले, आणि मुखाने औषधांचा, त्यांच्या गोळ्यांचा आणि त्या गोळ्या घेणारांचाही उद्धार करीत चालले. समीक्षा सडकेचे कडेने चालली. तिने दम कैसा धरावा हे सांगितले नाही. दर वळणावर इतकेच म्हणत गेली की, सकाळची पाळी साताक लागता. पुढल्या वळणावर, बस दारात येता. त्याच्याही पुढल्या वळणावर, जेवणही थंयच देतत. जेवणाचे नाव निघताच शेट धावू लागले. होय, धावू लागले. तीनशे लोक साक्षीस आहेत.

पंचांनी भोंगा तोंडास लाविला. शेट रेघेशी आले, आणि भोंगा वाजला. मोठाच तंटा माजला. एक पक्ष म्हणे पाय रेघेचे अलीकडे होते, दुसरा पक्ष म्हणे पायच काय पाहता. पंचांनी नियमांचे पुस्तक उघडोन वाचिले, त्यात स्पष्ट लिहिले होते की रेघ ओलांडताना धड मोजावे, हात, पाय, मस्तक मोजू नये. आणि शेटांचे पोट भोंग्यापूर्वी चांगले वीतभर पलीकडे पोहोचले होते, यास खुद्द विरोधी पक्षही नाही म्हणेना. तेव्हा पंचांनी फर्माविले की, पाचवा गडी दाखल, उरलेले शेट मागाहून आले तरी हरकत नाही.

शेट देवळापुढे उताणे पडले होते. सर्व कारखाने, पळालेले देखील, पंखे आणि तांबे घेवोन धावले. शेटांनी हाताने सर्वांस दूर केले आणि समीक्षेस जवळ बोलाविले. कितीएक वेळ तिच्या बुटांकडे पाहत राहिले. मग हळू पुसिले, ऐसा हळू आवाज त्यांचा कोणी ऐकिला नव्हता.

"चेडवा, तू ह्या रोज करतंस?"

"रोज," समीक्षा म्हणाली. "आयतारी ज्यास्त."

सायंकाळी शेटांचा हुकूम सुटला की, शिट्टी, छत्री, टेम्पो आणि फोटो हे कारखाने आजपासून बरखास्त. मुलीस दोन जोड बूट, काकींची पेज आणि निवडीस जाण्यास गाडी, इतकेच असावे. आणि पथकात ज्यास पद पाहिजे त्याने आधी पुलापर्यंत धावोन यावे. त्यावर एकही अर्ज आला नाही. मामांस निरोप समीक्षेने स्वतः कळविला.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष वद्य सप्तमीस पार्शाचे धावक पथक पाच गडी पुरे करोन मंडळाचे दप्तरी नोंदले गेले. आलेल्या पथकांत क्रमांक शेवटला, परंतु दाखल. पदक एक, उतरलेली नखे सहा, गमावलेला मोजा एक, मनुष्यहानी नाही. फत्ते जाहली.

दुसरे दिवशी सोमवारी पहाटे समीक्षा सडकेस लागली तेव्हा गावात कोणी उठले नव्हते. मास्तर निजले होते, काकी निजल्या होत्या, बाबली निजला होता, आणि शेटांस कूस बदलणेही अवघड होते. पुढे शिट्टी नाही, मागे टेम्पो नाही. मुलगी पुलापर्यंत गेली, नदीवर धुके होते ते थोडे पाहिले, आणि परतोन आली. ती म्हणते, आजवरच्या साऱ्या धावांत ती धाव सर्वांत जलद जाहली. परंतु मोजावयास कोणी हजर नव्हते, सबब ती या बखरीत दाखल केलेली नाही. इति मर्यादा.