चवीचा रकाना

पुष्पाबाई बोलायला मऊ. चालताना पितळी तांब्याला पाय लागला, तर तांब्याचीच माफी मागतील इतक्या मऊ! पण जवसाच्या चटणीचा विषय निघाला की त्यांची मान ताठ व्हायची.

"चिमूटभर जिभेवर ठेवली ना, की सांगतो मी," त्या म्हणायच्या, "जवस कोणाच्या वावरातला, अन् भाजतानी कोणाचं ध्यान कुठं होतं ते!"

आणि सांगायच्याही! मागे एकदा त्यांनी डोळे मिटून चटणी चाखली आणि म्हणाल्या, "ही कढई उतरवली तवा तानाबाई रागात होती." तानाबाई सकाळीच जावेशी भांडून आली होती. तेव्हापासून अमडापुरात पुष्पाबाईंच्या जिभेला वजनकाट्याचा मान मिळाला.

म्हणून नागपूरच्या एका मोठ्या कंपनीच्या मनाली मॅडमनी चिखलीच्या प्रदर्शनात सावली महिला बचत गटाची बिनलसणाची चटणी चाखली, तेव्हा पुष्पाबाईंना नवल वाटलं नाही. मॅडम म्हणाल्या, "पन्नास बरण्या तयार ठेवा. शुक्रवारी मी स्वतः येऊन तपासते. पास झाल्या, तर दिवाळीपर्यंत दर महिन्याला दोन हजार!"

दोन हजार! गटातल्या बेबीताईने आनंदाने शेजारच्या बाईला मिठी मारली. ती बाई पलीकडच्या पापडाच्या स्टॉलवरची निघाली!

पण त्या आनंदामागे एक धास्तीही होती. गटाची चटणी इतकी चांगली, की निम्मी चारही जणींचे पाहुणेच संपवायचे, विक्री नावापुरतीच. मागच्या बैठकीत ठरलंच होतं, दिवाळीपर्यंत मोठं गिऱ्हाईक आलं नाही तर गट मिटवायचा. मग तानाबाई पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाणार होती, बेबीताई सुरतेला लेकाकडे, आणि सिंधूताई पुष्पाबाईंशी रोज बोलायचं कारणच उरणार नव्हतं म्हणून आत्तापासूनच हळवी झाली होती.

अशा वेळी पुष्पाबाईंची सून पुढे सरसावली. अर्पिता चाकणच्या एका कारखान्यात तीन वर्षं गुणवत्ता विभागात होती. नवऱ्याची, म्हणजे हर्षलची, बदली चिखलीला झाली आणि ती एवढी सगळी गुणवत्ता घेऊन सासरी आली. ती कुठेतरी वापरणं भागच होतं!

"आई, चव आपली चांगलीच आहे," अर्पिता म्हणाली, "पण पद्धत नाही. मॅडम आधी पद्धत बघतील."

"पाहू दे ना पोरी. आपल्याले काय लपवाचं?"

पुष्पाबाईंनी असं म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी कामाच्या खोलीत पिवळ्या पट्ट्या उगवल्या. चाळणीचा चौकोन, पाट्याचा चौकोन, झाडूचा चौकोन. तानाबाईच्या तंबाखूच्या डबीलाही एक चौकोन मिळाला, तोही फाटकाबाहेर! "प्रत्येक वस्तूला जागा, आणि प्रत्येक वस्तू जागेवर," अर्पिता म्हणाली. मग तिने लाल चिठ्ठ्या काढल्या. "जी वस्तू तीन महिन्यांत कामाला आली नाही, तिला लाल चिठ्ठी. ती बाहेर!"

खोलीच्या कोपऱ्यात पुष्पाबाईंच्या यजमानांची, शालिग्रामरावांची, लाकडी खुर्ची होती. निवृत्त झाल्यापासून ते तिच्यावर बसून बायकांना सूचना करत आणि गरम चटणी हातावर घेऊन भाकरीची वाट बघत. अर्पिताने संकोचत खुर्चीला लाल चिठ्ठी लावली.

शालिग्रामरावांनी चिठ्ठी वाचली. "खुर्चीले लावली का मले?"

"खुर्चीला, बाबा!"

"मंग मी उठल्यावर लावाची होती ना!" असं म्हणून ते खुर्ची उचलून कडुनिंबाखाली जाऊन बसले. चिठ्ठी मात्र त्यांनी काढली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला ती बरी होती.

नंतर भिंतीवर एक पेटी आली. रोज प्रत्येकीने एक छोटी सुधारणा लिहून त्यात टाकायची. पहिल्या दिवशी चार चिठ्ठ्या निघाल्या. तीन चिठ्ठ्यांवर 'पंखा लावा' होतं, आणि चौथीवर 'ही पेटी काढा.'

"हे कोणी लिहिलं?" अर्पिताने विचारलं.

"नाव लिहाचं नाही म्हनलं तूनंच," तानाबाई म्हणाली.

पण खरी सुधारणा पुढेच होती. आजवर चटणी होताना चौघीजणी येता-जाता चिमूट तोंडात टाकायच्या. कढईतून एक, पाट्यावरून एक, बरणी भरताना एक. अर्पिताने मोजलं तर दिवसाला एकेचाळीस चिमटी! ती घाबरलीच. "हे बंद! एक हात तोंडाला लागला की सगळा घाणा बाद. आजपासून डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि बरण्या भरताना बोलायचंही नाही!"

"मंग मीठ-तिखट समजन कसं वो माय?" सिंधूताईने विचारलं.

"त्यासाठी हा तक्ता!" अर्पिताने कागद लावला. भाजणी, कुटणी, मीठ, चव, झाकण असे पाच रकाने. ज्याचं काम त्याची सही. भाजणी सिंधूताई, कुटणी आणि मीठ तानाबाई, झाकण बेबीताई. चवीच्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं, हे विचारायची गरजच नव्हती.

"आणि काही बिघडलं," अर्पिता म्हणाली, "तर माणसावर चिडायचं नाही. पाच वेळा 'का?' विचारायचं. पाचव्याला मूळ सापडतंच."

"माही नात दिवसातून पाचशे वेळा इचारते काऊन, काऊन," सिंधूताई म्हणाली. "तिले अजून काही सापडलं नाही."

इथवर सगळं ठीक होतं. मग रविवारी देवशयनी एकादशी आली.

पुष्पाबाई दर चातुर्मासात काहीतरी सोडत. एका वर्षी वांगी सोडली, एका वर्षी गादी. यंदा देवापुढे उभ्या राहिल्या तेव्हा डोळ्यांपुढे पन्नास बरण्या आल्या आणि तोंडून निघून गेलं, "देवा, ह्या बरण्या पास होऊ दे. कार्तिकीपर्यंत मी मिठाचा कण जिभेवर ठेवणार नाही." त्यांच्या माहेरची रीत अशी, की नेम बोलून दाखवायचा नाही. आपण आणि देव, बस्स! घरात त्या सगळ्यांच्या मागून जेवत, त्यामुळे कोणाला कळलंही नाही.

त्यांना स्वतःलासुद्धा आपण काय करून बसलो ते कळलं नाही. कळलं ते गुरुवारी दुपारी अडीच वाजता, जेव्हा चटणीचा लालभडक ढीग परातीत तयार होता आणि अर्पिताने हातात पेन दिलं.

"आई, चव!"

पुष्पाबाईंना नेम आठवला. चाखावी तर नेम मोडतो, सांगावं तर माहेरची रीत मोडते, सही करावी तर खोटं! त्यांनी चटणीचा वास घेतला. वास फर्मास होता. बोटात चोळून पाहिली. भाजणी फर्मास होती. मीठ? तक्त्यावर मिठापुढे तानाबाईची टपोरी सही होती. म्हणजे मीठ होतंच!

तरी मनाला बरं वाटेना. अर्पिता बरण्या पुसायला वळली तशी त्यांनी कागदावर चिमूटभर चटणी घेतली आणि सिंधूताईपुढे धरून जिभेची खूण केली.

त्या दिवशी आषाढी पौर्णिमा. सिंधूताईचा वर्षावास सुरू झाला होता, तिने अष्टशील घेतलं होतं, दुपारी बारानंतर अन्न नाही. मास्क लावून हे सगळं खुणेने कसं सांगणार? तिने मान हलवली आणि कागद तानाबाईकडे सरकवला. तानाबाईची दाढ बुधवारीच काढलेली. डॉक्टरने सांगितलं होतं, तिखट दिसलं तरी तोंड फिरव. तिने तोंड फिरवून कागद बेबीताईकडे दिला. बेबीताईचा महाराजांचा गुरुवार! तिने चटणीला मनोभावे हात जोडले, खिडकीच्या कट्ट्यावर चिमूट पाखरांसाठी ठेवली, आणि कागद नीट झटकून पुष्पाबाईंना परत दिला.

पुष्पाबाईंनी पाहिलं, कागद रिकामा! म्हणजे कोणीतरी खाल्ली, आणि कोणाची काही तक्रार नाही. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि चवीच्या रकान्यात सही ठोकली.

त्या घडीला त्या चटणीची चव जगात फक्त एका साळुंकीला माहीत होती, आणि तिला सही येत नव्हती!

शुक्रवारी मनाली मॅडम आल्या. पिवळे चौकोन पाहिले, टोप्या पाहिल्या, तक्ता पाहून तर फोटोच काढला. "एवढी शिस्त मी मोठमोठ्या ठिकाणी पाहिली नाही!" अर्पिता फुलली. मॅडमनी बरणी उघडली, भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेतली आणि तोंडात टाकली.

चावल्या. थांबल्या. पुन्हा चावल्या. मग फार हळू विचारलं, "ही आजारी माणसांसाठी वेगळी केली आहे का?"

अर्पिताने झडप घालून बरणीत बोट बुडवलं, आपलाच नियम मोडून! तिचं तोंड पाहून चौघींना कळलं. मीठ नाही. कमी नाही, नाहीच!

"दुसरी उघडा," मॅडम म्हणाल्या. दुसरीही तशीच. तिसरीही. दहावीपर्यंत गेल्यावर मॅडमनी पाणी मागितलं.

"मॅडम, घाबरू नका," अर्पिता घाबरून म्हणाली. "आमच्याकडे पद्धत आहे. आत्ता तुमच्यासमोर मूळ शोधते! तानाबाई, चटणीत मीठ का नाही?"

"मी काऊन टाकू?" तानाबाई एका गालाने म्हणाली. "मी मोजून ठेवलं. ते पाह्य तिथं!" फळीवर पिवळ्या चौकोनाच्या बरोब्बर मध्ये मिठाचं पातेलं होतं. झाकलेलं, चिठ्ठी लावलेलं, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही! "आजपावतर पुष्पाबाईच चाखून टाकत आली. तिनं 'टाक' म्हनल्याबिगर मी मिठाले हात नाही लावत."

"मग आई, तुम्ही का नाही टाकलं?"

"मले वाटलं तानाबाईनं टाकलं. सही होती ना वो."

"चाखल्यावर कळलं का नाही?"

पुष्पाबाई पदराचं टोक पिळू लागल्या. "चाखली नाही."

बाहेर कडुनिंबाखाली खुर्ची करकरली. शालिग्रामराव ऐकायला पुढे सरकले होते.

"चाखली का नाही, आई?" अर्पिताचा आवाज सासूपेक्षाही मऊ झाला.

"मी मीठ सोडलं. चातुर्मासाचा नेम."

"अगं बाई! आणि यंदाच मीठ का सोडलं?"

हा पाचवा होता. पुष्पाबाईंनी एकदा देवघराकडे पाहिलं, एकदा पन्नास बरण्यांकडे, आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या बरण्या पास व्हाव्या म्हणून."

मूळ सापडलं! पद्धत बरोबर होती.

सगळ्यात आधी मनाली मॅडम हसल्या. इतक्या हसल्या की पुन्हा पाणी मागवावं लागलं. मग सिंधूताईने आपलं अष्टशील सांगितलं, बेबीताईने गुरुवार, तानाबाईने रिकाम्या दाढेची जागा उघडून दाखवली. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "बुधवारी याच रस्त्याने परत जाणार आहे मी. पुन्हा पन्नास करा. पण या वेळी चाखायला माणूस ठेवा, बाई!"

त्या गेल्यावर तानाबाई म्हणाली, "पुष्पाबाई, नेम मोडून टाका ना! देवाले समजते."

"देवाले समजते म्हणूनच मोडता येत नाही ना वो."

अर्पिताने मोठा कागद पसरला आणि चौघींचे सगळे उपास-नेम लिहून काढले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, अष्टमी, पौर्णिमा, मीठ, मौन, दाढ. कार्तिकीपर्यंतचा कागद भरत आला. "आपल्याला असं माणूस पाहिजे," ती पेन चावत म्हणाली, "जे सातही दिवस, कधीही, काहीही खाईल. उपास नाही, नेम नाही, नाही म्हणणं नाही!"

चौघींच्या माना एकदमच खिडकीकडे वळल्या. कडुनिंबाखाली, लाल चिठ्ठीच्या खुर्चीवर, शालिग्रामराव कालच्या भाकरीबरोबर अळणी चटणी खात होते. दुसरी बरणी चालू होती.

"तीन महिन्यांत कामाले आली नाही म्हणे वस्तू!" खुर्ची आत नेताना ते एवढंच म्हणाले. त्यांच्यासाठी खिडकीजवळ खास पिवळा चौकोन आखला गेला.

बुधवारी बरण्या पास झाल्या. दोन हजारांचं कागदपत्र घेऊन पुष्पाबाई देवापुढे गेल्या आणि जरा चोरट्यासारख्या हसल्या. 'पास होऊ दे' एवढंच मागितलं होतं. कोणत्या खेपेला, ते सांगायचं त्यांच्याकडून राहिलं होतं!

आता सगळं कसं सुरळीत आहे. एवढंच झालं, की शालिग्रामरावांना सहीची चटक लागली. परवा सुधारणांच्या पेटीत नवी चिठ्ठी निघाली. अक्षर ओळखीचं होतं: 'घरच्या वरणात चार दिवसांपासून मीठ कमी. कारण शोधावे. — तपासनीस.'

पुष्पाबाईंनी ती शांतपणे वाचली. घडी घालून कमरेला खोचली. मग अर्पिताच्या खणातून एक लाल चिठ्ठी काढली आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाल्या.

या खेपेला चिठ्ठी खुर्चीसाठी नव्हती!