नत्थुजींचा मालक

अकोल्याच्या जठारपेठेतलं मावशीचं घर माझ्या नावावर झालं, तेव्हा मी एकच शहाणपणाचा निर्णय घेतला. (माझ्या शहाणपणाची हिने, म्हणजे चारुशीलेने, केलेली यादी तेवढ्यावरच संपते.) घर सांभाळायला माणूस ठेवायचा. कारण मी पडलो भिडस्त. भाडेकरूने तोंड बारीक केलं की मीच त्याला चहा पाजून परत यायचो.

नत्थुजी तीस वर्षं जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर होते. त्यांनी घर हातात घेतलं आणि तिन्ही बिऱ्हाडं सुतासारखी सरळ झाली. मी अमरावतीत निवांत कचेरी करू लागलो. कसं काय जमवलं, हे मी कधी विचारलं नाही, आणि इथेच फसलो.

साठ साली माझी बदली नेमकी अकोल्याला झाली. घरातल्या समोरच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. मी चारुशीलेला ऐटीत म्हटलं, "स्वतःच्या घरात राहू. मालकासारखं." ट्रंका, वळकट्या घेऊन टांगा दारात उभा राहिला, तर नत्थुजींनी मला कोपऱ्यात ओढलं.

"भाऊसाहेब, खोल्या देतो. पन तुमी मालक हाय हे कोनाले सांगू नका."

"का बरं?"

"मी साऱ्याइले सांगतलं हाये, मालक लय खतरनाक हाय. सहा फूट उंच, जवळ बंदूक ठेवते. एकडाव एका भाडेकरूले सामानासकट वावरात नेऊन टाकलं. त्या भेवानं घर चालते." मग त्यांनी मला टोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं. "आता तुमीच सांगा, तुमाले पाहून कोन भेईन?"

मी आशेने चारुशीलेकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं आहे त्यांचं."

अशा रीतीने मी माझ्याच घरात भाडेकरू झालो. आधी मजा वाटली. पुढे कळलं की नत्थुजी सातच्या ठोक्याला नळाला कुलूप लावतात आणि कुलपाला मालक-भाडेकरू असा भेद कळत नाही. मी साबण लावलेल्या तोंडाने विनवलं, तर म्हणाले, "एकाले सोडलं तं सारेच मांगतीन. मालकाले काय जबाब देऊ?"

त्यांच्या डोक्यात आता मालक हा कोणी तिसराच माणूस झाला होता आणि मला त्याचा मनापासून राग येऊ लागला.

मृग जवळ आला तरी छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरले नव्हते. आमच्या स्वयंपाकघरातून आकाश दिसायचं. चारुशीला म्हणाली, "पाऊस लागायच्या आत छप्पर नीट झालं नाही, तर मी माहेरी वरूडला जाते. तुम्ही बसा छत्री धरून." तिने ट्रंक काढली तेव्हा माझं धाबं दणाणलं. मी नत्थुजींना गाठून हळूच म्हटलं, "अहो, मी सांगतोय ना, फेरा कवेलू."

"भाडेकरूच्या सांगन्यावरून?" ते म्हणाले. "मालकाचं पत्र पाहिजे."

त्याच संध्याकाळी शेजारच्या बिऱ्हाडाचे गोवर्धन मास्तर, दुर्गाबाई आणि मागच्या बिऱ्हाडाचे रामराव आमच्याकडे आले. तिघांची छपरं गळत होती. मास्तर म्हणाले, "कमलाकांतजी, मालकाले तक्रारअर्ज करू. कचेरीची भाषा तुमालेच येते, तुमीच लिहा."

"मालक चांगला माणूस असेल हो," मी चाचरत म्हटलं.

"चांगला?" दुर्गाबाई म्हणाल्या. "असा मानूस मेलेला बरा."

आता यांना नाही कसं म्हणायचं? माझ्यानं होईना. मी दौत-टाक घेऊन बसलो. खरं सांगतो, अर्ज फार सुरेख उतरला. मालकाचा लोभ, आळस, कोडगेपणा, सारं मुद्देसूद. मास्तरांचे डोळे पाणावले. सर्वांत आधी सही माझी.

"वाचून दाखवा," आतून चारुशीला म्हणाली. मी वाचलं. 'मालक अत्यंत निर्दय आहे' इथे तिने थांबवलं.

"निर्दय खोडा. निरुपयोगी लिहा."

मास्तर म्हणाले, "बाई, तुमाले मालक ठाऊक हाय काय?"

"चौदा वर्षं झाली," ती म्हणाली.

मी 'निर्दय' खोडून 'निरुपयोगी' लिहिलं.