सोडलेला गहू

ज्या आजारात गव्हाचा कणसुद्धा पोटाला सोसत नाही, त्या सिलियाकबद्दल सांगलीत प्रशिक्षण भरलं होतं, आणि दुपारच्या जेवणाला होत्या पुऱ्या आणि बासुंदी. आयोजकांच्या हे लक्षात आलं नाही आणि लालासाहेबांच्या तर मुळीच नाही. कडेगावजवळच्या एका गावातले हे आरोग्यसेवक गव्हाच्या कुठल्याही पदार्थाला नाही म्हणत नसत. पुऱ्या किती झाल्या हे त्यांनी पाहिलं नाही. वाढप्यानं पाहिलं असावं, कारण नंतर तो त्यांच्या बाजूला फिरकेना.

अशा रोग्याच्या मनाची काळजी कशी घ्यावी, हा प्रशिक्षणाचा विषय. सकाळी मॅडम फार मनापासून बोलल्या. दुखणं आतड्याचं असलं तरी माणूस खचतो तो पंगतीत, त्याला एकटं पडू देऊ नका, गावानं त्याला समजून घेतलं पाहिजे, असं त्या सांगत होत्या तेव्हा लालासाहेबांचे डोळे भरून आले. अशी एक रोगी त्यांच्याच गावात होती. मग जेवण झालं, आणि जेवणानंतरचं सत्र त्यांनी हनुवटी छातीला टेकवून पार पाडलं. मॅडम काय म्हणाल्या ते शेजारच्यालाच ठाऊक.

ती रोगी म्हणजे रेश्मा. तासगावकडची पोर, चंद्राबाईंची धाकटी सून. नवरा यशराज फौजेत. लग्नानंतर ती वाळतच चालली, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी हे निदान केलं. ते ठाऊक होतं घरच्यांना आणि लालासाहेबांना. गावाला मात्र चंद्राबाईंनी निराळंच सांगितलं होतं: यशराज नोकरी पुरी करून सुखरूप घरी येईपर्यंत सुनेनं भैरोबाला गहू सोडलाय.

आजार म्हटला की शंभर जण शंभर औषधं सांगतात. नवसापुढं कोण बोलणार? लग्नात, बारशात रेश्माच्या पानात न मागता भाकरी पडायची. एवढंच नव्हे, नवसाच्या पानाला गव्हाचा हात लागायला नको म्हणून बायका हात धुऊन तिला वाढायच्या. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य सगळं गाव देवाला भिऊन बिनचूक पाळत होतं.

पण सांगलीहून परतताना एसटीत लालासाहेबांना वाटलं, ही पोर खोट्याच्या आड किती कोंडली असेल. तिला मोकळं करायचंच असं त्यांनी ठरवलं. भैरोबाच्या भंडाऱ्याला पंगत बसली, खपली गव्हाच्या खिरीचे हंडे आले, आणि लालासाहेबांनी माईक हातात घेतला. रेश्माचा नवस वगैरे काही नाही, तिला आजार आहे, तो लपवायची काहीएक गरज नाही, गावानं तिला जवळ करावं, असं ते बोलले.

गावानं लगेच जवळ केलं. पहिल्यांदा हरणाबाई खिरीची वाटी घेऊन आली.

"नवस न्हाई न्हवं? मग खा की गं. खपली हाय."

"आवं मावशी, खपली बी गहूच की," रेश्मा म्हणाली.

"गहू कुटला? खपली ती. बाळंतणीला चालती, तुला काय हुतंय?"

दुसरी म्हणाली, रोज चिमूटभर खात जा, पोटाला सवय लागते. तिसरीनं आपलं ताट थोडं लांब सरकवलं, न जाणो दुखणं लागट असलं तर. जिला आजवर कुणी एक प्रश्न विचारला नव्हता ती पोर पंगतभर उत्तरं देत बसली आणि तिची भाकरी तशीच पानात वाळून गेली.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. पुजारी तात्याबा सावकाश उठला. "म्हंजी फौजेतल्या पोराच्या नावानं देवापुढं खोटं बोलला व्हय?" त्यानं विचारलं. निम्म्या गावाची पोरं फौजेत. त्यांच्या आयांचे चेहरे उतरले. मग प्रायश्चित्त ठरलं असं की येत्या रविवारी चंद्राबाईंनी पुरणपोळीचा नैवेद्य करायचा आणि त्यातला पहिला घास रेश्मानं देवासमोर खायचा. न खाल्ला तर यशराजचं काय होईल, हे कुणी बोललं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी.

लालासाहेब धावत चंद्राबाईंच्या घरी गेले. त्या जोंधळे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"लाला, मी एवढं झाकून धरलं हुतं. तुला उघडाय कुणी सांगितलं?"

लालासाहेब मनाच्या आरोग्याबद्दल काहीबाही बोलू लागले, तेवढ्यात आतून रेश्मा आली. "मी खाणार हाय घास," ती म्हणाली. "त्यांच्या जिवापरास माजं पोट मोठं न्हाई."

त्या एका घासानं पोर पुन्हा अंथरूण धरेल, हे लालासाहेबांना ठाऊक होतं. आपण ज्ञान घेऊन आलो आणि भरल्या घरात काळजी घालून बसलो, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना. घरी बायकोनं पुढं केलेली चपाती त्यांनी परत केली, तेव्हा ती माउली घाबरून डॉक्टरला बोलवायला निघाली.

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तुपानं माखलेली पोळी देवापुढं आली. रेश्मानं डोळे मिटून घास तोडला.

"थांब पोरी," लालासाहेब म्हणाले. "नवस खराच हाय. माजंच चुकलं. मिरजेच्या तपासणीचा कागुद दुसऱ्याच बाईचा हुता, मी हिच्या नावावर खपवला."

उभ्या नोकरीत त्यांनी रोग्याबद्दल सांगितलेलं हे पहिलं खोटं. गावानं सुटकेचा श्वास टाकला. चंद्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तात्याबानं मात्र रेश्माच्या माथ्यावरून उतरलेलं पाप तसंच सोडून दिलं नाही.

"म्हंजी लाला, खऱ्या नवसाला तू चारचौघांत खोटं पाडलंस. आता तू बी गहू सोड. यशराज सुटून येईस्तवर."

यशराजची नोकरी अजून बरीच होती. लालासाहेबांनी एकदा पोळीकडं पाहिलं, एकदा देवाकडं, आणि हात जोडले.

मग त्यांना कळलं की आपलं सगळं जगणं गव्हावर चाललं होतं. चहाबरोबरची खारी गेली, कडेगावच्या स्टँडवरचा वडापाव गेला, सासुरवाडीच्या पोळ्या गेल्या. पण एकानंही त्यांना आग्रह केला नाही. एका लग्नात त्यांचं आणि रेश्माचं पान समोरासमोर आलं. वाढणारीनं हात धुतले आणि दोघांना भाकरी वाढली. पोरीला सोबत तरी झाली, असं वाटून लालासाहेबांना जरा बरं वाटलं.

"झालं गेलं मिटलं न्हवं पोरी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मिटलं की भावजी." रेश्मा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "खरं, मी एक दिस सांगणारच हुते. पैलं शेजारणीला, मग बचतगटातल्या बायास्नी. दमादमानं, माज्या तोंडानं. आता कुटलं सांगतीय? नवस देवापुढं खरा ठरला."

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. लालासाहेबांनी हातातला भाकरीचा तुकडा पानात परत ठेवला.

पुढं सांगलीला त्याच प्रशिक्षणाची उजळणी निघाली. जेवणाला परत पुऱ्या. तोच वाढपी यावेळी आपणहून ढीग घेऊन आला. लालासाहेबांनी ताटावर हात आडवा धरला आणि "नवस हाय," म्हणाले. वाढप्यानं नमस्कार केला आणि पुढं गेला. त्यांनी दहीभात खाल्ला. पोट हलकं राहिलं, त्यामुळे दुपारच्या सत्रात ते प्रथमच टक्क जागे होते. मॅडम उभ्या राहिल्या.

"सकाळचं सगळं विसरलात तरी चालेल," त्या म्हणाल्या, "पण हे एक विसरू नका. आजाराबद्दल कुणालाही काही सांगायचं असेल, तर आधी रुग्णाला विचारा."

लालासाहेबांनी मान खाली घातली. शेजारी साताऱ्याकडचे एक आरोग्यसेवक पुऱ्या जिरवत बारीक घोरत होते. लालासाहेबांनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"ऊठ गड्या," ते म्हणाले. "झोप मागनं काढ. हे आधी ऐक."